कोळसेवाल्याने पाळलेला गुप्तहेर

ऐंशी वर्षांच्या आजींना वाढदिवसाला काय द्यावं? शाल, गीतेची प्रत, फार तर चांदीची फुलं. १९४७ साली बीबीसीने इंग्लंडच्या राजमाता मेरीबाईंना अदबीने विचारलं, आपल्या ऐंशीनिमित्त रेडिओवर काय लावू? बाईंनी चर्चमधलं संगीत मागितलं नाही, की युद्ध जिंकल्याची गाणी मागितली नाहीत. त्यांनी ॲगाथा ख्रिस्ती मागितली. म्हणजे सरळ खूनच! आणि बीबीसीनेही ‘अहो, हे काय वय आहे का’ असं म्हटलं नाही. ख्रिस्तीबाईंनी ‘थ्री ब्लाइंड माइस’ नावाची अर्ध्या तासाची श्रुतिका लिहून दिली, ३० मे रोजी ती लागली, आणि बर्फाने वेढलेल्या घरात गळे आवळले जात असताना राजमातेची ऐंशी थाटात साजरी झाली.

बरं, तेवढ्यावर भागलं का? ख्रिस्तीबाईंनी त्याच श्रुतिकेचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक केलं. १९५२ मध्ये लंडनला सुरू झालं ते २०२० मध्ये कोविडने थिएटरं बंद करेपर्यंत थांबलंच नाही, आणि टाळेबंदी उठल्यावर पुन्हा सुरू झालं. आता जिथे राजवाड्यातच ही तऱ्हा, तिथे आमच्या सोसायटीतल्या मंडळींना मी एकटी काय बोलणार?

पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. कारण आमच्या भागात सध्या खुनांची साथ आली आहे. घाबरू नका, सगळे खून कानातल्या कानात होतात. सकाळी सहाला टेकडी चढणारे निवृत्त बँक मॅनेजर, गेल्या वर्षीपर्यंत ज्यांच्या कानात अथर्वशीर्ष असायचं, ते परवा चढावर मध्येच थबकले. मला वाटलं, दम लागला. जवळ जाऊन विचारावं तर त्यांनी हातानेच थांबायची खूण केली. दारामागे कोण उभं आहे ते कळायचं होतं म्हणे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू चातुर्मासात कांदा-लसूण सोडतात, पण रोज दुपारी गवार मोडता मोडता एक मुडदा पाडल्याशिवाय त्यांची भाजी फोडणीला पडत नाही. आणि एक जोडपं असं आहे, की दोघांनी मिळून एकच इअरफोन वाटून घेतलाय. लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर! कशासाठी, तर एका विमा कंपनीच्या गुप्तहेरासाठी.

हे खून तरी ताजे असावेत? सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकन रेडिओचे शिळे खून आहेत. इंटरनेट अर्काइव्हवर त्यांचे ढीगच्या ढीग फुकट पडलेले आहेत, आणि फुकट म्हटल्यावर आमची मंडळी कुणाच्याही प्रेताला खांदा द्यायला तयार. न्यू जर्सीतल्या नातवाने आजोबांना लिंक पाठवली, आजोबांनी ती टेकडीच्या ग्रुपवर टाकली, तिथून ती भजनी मंडळात गेली. पुढचं विचारू नका.

मी म्हटलं, निदान चौकशी तरी करावी. स्थळ सांगून आल्यावर करतो तशी. मुलगा कुठला, करतो काय, आणि मुख्य म्हणजे याचं पोट कोण भरतं? अहो, एकेकाचं काय काय बाहेर आलं म्हणून सांगू!

सगळ्यात आधी ‘द शॅडो’. स्ट्रीट अँड स्मिथ नावाचे न्यूयॉर्कचे प्रकाशक. त्यांनी ३१ जुलै १९३० ला रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. हेतू अगदी शुद्ध, आपलं ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’ मासिक खपावं. त्यातल्या गोष्टी सांगायला एक भुताटकी आवाजाचा निवेदक ठेवला आणि त्याला नाव दिलं शॅडो. झालं भलतंच. लोक पेपरच्या स्टॉलवर जाऊन मासिक मागायला लागले, पण जाहिरात केलेलं नव्हे, ‘ते शॅडोचं’. असं मासिक अस्तित्वातच नव्हतं! भिडस्त माणसाने गिऱ्हाइकाची समजूत घातली असती. यांनी १९३१ मध्ये त्या नावाचं मासिकच काढलं, आणि ते लिहायला कोणाला बसवलं? वॉल्टर गिब्सन नावाच्या जादूगाराला. त्या गृहस्थाने टोपणनावाने शॅडोच्या पावणेतीनशेहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. (हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या आपल्या बाबूराव अर्नाळकरांना हा आकडा सांगितला असता, तर ते ‘सुरुवात बरी आहे’ म्हणाले असते.)

तर निवेदक म्हणून नोकरीला लागलेल्या या सावलीला १९३७ मध्ये नायकाची बढती मिळाली. लॅमॉन्ट क्रॅन्स्टन, श्रीमंत, रिकामटेकडा, पूर्वेकडे कुठेतरी संमोहनविद्या शिकून आलेला. समोरच्याच्या मनावर मळभ आणायचं आणि आपण दिसेनासं व्हायचं, ही त्याची खुबी. आता मला सांगा, रेडिओवर अदृश्य व्हायला विद्या कशाला लागते? तिथे सगळेच अदृश्य! नायक, खलनायक, पोलीस, कुत्रं, कोणीही दिसत नाही. पण नाही, हे महाशय खास अदृश्य झालेत हे कळावं म्हणून तेवढ्यापुरता त्यांचा आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा गाळून सोडायचे, आणि लाखो लोक मान्य करायचे की हो, आता दिसत नाही हं. मार्गो लेन ही त्याची मैत्रीण. १९३७ पासून १९५४ मध्ये कार्यक्रम बंद पडेपर्यंत मैत्रीणच. सतरा वर्षं! दर आठवड्याला बिचारी कुठल्या तरी तळघरात बांधली जायची, पण लग्नाचा विषय कोणी काढला नाही. तिच्या आई-वडिलांबद्दल मला फार वाईट वाटतं.

नायक झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातला शॅडो कोण होता, माहीत आहे? ऑर्सन वेल्स. वय वर्षं बावीस. पोराकडे तेव्हा एवढी कामं होती, की एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत वेळेवर पोहोचायला त्याने म्हणे भाड्याने ॲम्ब्युलन्स घेतली होती. आजारी कोणी नाही, घंटा वाजवत नट निघालाय. शॅडोची संहिता आधी वाचायची नाही, म्हणजे पुढे काय होणार याची आपल्यालाही उत्कंठा राहते, असंही तो सांगायचा. आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये असं कारण कोणी सांगितलं असतं तर बाईंनी कान उपटला असता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या अदृश्य पुरुषाचा दृश्य मालक कोण होता? कोळसेवाला. पेनसिल्व्हेनियातला अँथ्रसाइट कोळसा विकणारी कंपनी. कोळसा हा काळाच असायचा, एकाचा दुसऱ्यापेक्षा वेगळा कसा ओळखणार? म्हणून या लोकांनी आपल्या कोळशावर निळा रंग फवारला आणि ‘ब्लू कोल’ म्हणून बाजारात आणला. तो खपवायला शॅडो. खुनी जिन्यावर पोहोचला, मार्गोबाई किंचाळल्या, की तिथे थांबून कंपनीचा तज्ज्ञ घरातली भट्टी कशी पेटवावी, राख कधी काढावी, हे शांतपणे समजावून सांगणार. तिकडे बाई लटकलेल्या, इकडे राखेवर व्याख्यान! आणि लोक ऐकत होते. आधी मला वाटलं, नाइलाजाने ऐकत असतील. नाही हो. आमच्या टेकडी ग्रुपवर एकाने जाहिराती कापलेले भाग टाकले तर बँक मॅनेजरांनी तक्रार केली, ‘कोळसा कुठे गेला?’ स्वतःच्या घरी पाइप गॅस. कोळसा शेवटचा पाहिला असेल तो शाळेच्या सहलीत, इंजिनात. पण निळा कोळसा ऐकल्याशिवाय यांचा खून पचत नाही.

शेरलॉक होम्सचं घराणं तरी सोवळं असेल असं वाटलं होतं. १९३० मध्ये अमेरिकन रेडिओवर पहिल्यांदा होम्स आला तो विल्यम जिलेट, रंगभूमीवर हीच भूमिका करत म्हातारा झालेला नट. रेडिओवर उभा राहिला तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा होता. प्रायोजक? कॉफी. पुढे १९३९ मध्ये बॅझिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस ही जोडी आली, तेव्हा आधी सर्दीवरची गोळी, आणि नंतर थेट वाइन! पेट्री कंपनीची वाइन. निवेदक संध्याकाळी डॉक्टर वॉटसनच्या घरी जायचा, शेकोटीपाशी बसायचा, डॉक्टरसाहेब जुन्या आठवणी काढायचे आणि अधूनमधून वाइन जेवणाबरोबर किती छान लागते याचा विषय आपोआप निघायचा. एका निवृत्त लष्करी डॉक्टरच्या घरचं हे वातावरण! होम्सला निदान कोकेनचं व्यसन तरी त्याचं स्वतःचं होतं. वॉटसनला मात्र बाटलीची नावं घ्यावी लागली ती पगारापोटी.

आता जे सांगते ते हळू आवाजात ऐका. सॅम स्पेड ठाऊक आहे ना? डॅशिएल हॅमेटचा मानसपुत्र, ‘माल्टीज फाल्कन’वाला. १९४६ पासून रेडिओवर हॉवर्ड डफच्या आवाजात त्याची मालिका होती. फार रंगतदार. प्रत्येक प्रकरण तो आपल्या सेक्रेटरीला, एफीला, अहवाल म्हणून सांगायचा, आणि त्या अहवालात काम कमी आणि चावटपणा जास्त. प्रायोजक होता ‘वाइल्डरूट’ नावाचं केसांना लावायचं क्रीम-तेल. सगळं गुळगुळीत चाललं होतं. मग १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ-टीव्हीवर काम करणाऱ्या १५१ जणांची नावं त्यात होती, कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून. पुरावा वगैरे मागायचा नाही, नाव छापलं म्हणजे झालं. त्यात लेखक हॅमेटही होता आणि नट डफही. तेलवाल्यांनी त्याच वर्षी अंग काढून घेतलं. हॅमेटला पुढच्या वर्षी न्यायालयात नावं सांगायला नकार दिला म्हणून तुरुंगात जावं लागलं. सॅम स्पेड श्रोत्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्याच्या आवाजात थोडे दिवस परत आला आणि १९५१ मध्ये संपला.

आणि तेलवाल्यांनी काय केलं? त्यांना गुप्तहेर तर हवाच होता, नाहीतर तेल विकणार कोण? त्यांनी नवा आणला. त्याचं नाव चार्ली वाइल्ड. का, तर त्यांच्या तेलाच्या जाहिरातगीतात ज्याला तेल घ्यायला सांगतात त्याचं नाव चार्ली, आणि तेलाचं नाव वाइल्डरूट. दोन्ही जोडून डिटेक्टिव्ह तयार! ना लेखक, ना कादंबरी, ना राजकीय मतं. तेलाच्या बाटलीतून थेट जन्म. अशा माणसावर संशय तरी कोण घेणार? मला या प्रकरणात हसू येतं आणि लगेच आवरतंही. रेडिओवर रोज खोटे खुनी पकडणाऱ्या त्या बाजारात खरी माणसं एका यादीपायी घरी बसली, आणि त्याबद्दल कुठल्याच डिटेक्टिव्हने चौकशी केली नाही. पण हा विषय टेकडीवर काढला की लोक चालायचा वेग वाढवतात.

आमच्याकडे सगळ्यांचा लाडका मात्र जॉनी डॉलर. इअरफोन वाटून घेणारं जोडपं याच्याच नादी लागलंय. ‘युअर्स ट्रूली, जॉनी डॉलर’ १९४९ मध्ये सुरू झालं. हा हार्टफर्ड गावचा, विमा कंपन्यांसाठी तपास करणारा स्वतंत्र अन्वेषक. याची सगळी कथा ही विमा कंपनीला पाठवलेलं खर्चाचं बिल! विमानाचं भाडं इतकं. टॅक्सी इतकी. हॉटेल इतकं. माहिती काढण्यासाठी एकाला पाजली, तिचे इतके. प्रत्येक रकमेमागे एक प्रसंग, आणि मरणाऱ्याचा शेवटचा श्वास दोन भाड्यांच्या मध्ये कुठेतरी बसवलेला. शेवटी बेरीज, सही, आपला विश्वासू. जोडप्यातले काका लेखापरीक्षक होते. खुनी कोण यात त्यांना काडीचा रस नाही. ‘याला पावती जोडली आहे का?’ हा त्यांचा एकच प्रश्न. एकदा जॉनीने साक्षीदाराला घेऊन दिलेलं जेवण विमा कंपनीच्या माथी मारलं, तर काका रात्रभर अस्वस्थ. काकूंचं लक्ष वेगळीकडे. त्यांना बॉब बेलीचा आवाज आवडतो. डॉलरची भूमिका अनेकांनी केली, पण १९५५ च्या शरदात बेली आला, रोज पंधरा मिनिटं, आठवड्याला पाच भागांत एक प्रकरण, आणि मालिकेचं सोनं झालं. १९६० मध्ये सीबीएसने निर्मिती हॉलिवूडहून न्यूयॉर्कला हलवली तेव्हा बेली मागे राहिला. काकू अजून त्या सीबीएसला माफ करायला तयार नाहीत. मालिका ३० सप्टेंबर १९६२ ला संपली. त्याच संध्याकाळी ‘सस्पेन्स’ ही वीस वर्षांची मालिकाही संपली, आणि रेडिओनाट्याचा सुवर्णकाळ त्या दिवशी संपला असं जुने शौकीन मानतात. टीव्हीने गळा आवळला. यात रहस्य काहीच नाही, दिवसाढवळ्या झालेला प्रकार.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. बीबीसीवर जाहिराती नसतात, तिथे तरी शुचिता असेल. होती ना! नको इतकी होती. १९४६ मध्ये त्यांनी ‘डिक बार्टन, स्पेशल एजंट’ सुरू केला. रोज संध्याकाळी पावणेसातला पंधरा मिनिटं. ऐन भरात दीड कोटी लोक ऐकायचे. पोरं बिघडतील म्हणून ओरड झाली, तर बीबीसीने लेखकांसाठी नियमावली केली. नायकाने कितीही उदात्त हेतू असला तरी कायदा मोडायचा नाही. मारायचंच झालं तर जबड्यावर एक स्वच्छ ठोसा. शिव्या नाहीत. प्रेमप्रकरण तर नाहीच, आधी एक मैत्रीण होती तिलाही घरी पाठवलं. एवढं सोवळं पाळूनही शेवट काय झाला? १९५१ मध्ये बार्टनला काढून त्याच्या पावणेसातच्या पाटावर शेतकऱ्यांना बसवलं! ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या कुटुंबाची मालिका. मूळ कल्पना एका शेतकऱ्याचीच. सभेत उठून तो म्हणाला होता, की आम्हाला शेतीतला डिक बार्टन पाहिजे. युद्धानंतरचं रेशनिंग होतं, पीक वाढावं म्हणून शेतीखात्याचाही त्यात हात होता. आणि आतली बातमी अशी, की ‘आर्चर्स’ लिहिणारे जे दोघे होते, ते बार्टनचेच लेखक! कालपर्यंत बॉम्ब निकामी करत होते, आज गाईचं दूध वाढवताहेत. पण मूळ स्वभाव जातो कुठे? १९५५ मध्ये ज्या रात्री इंग्लंडात पहिली व्यापारी टीव्हीवाहिनी सुरू झाली, बरोब्बर त्याच रात्री यांनी ग्रेस आर्चर नावाच्या सुनेला आगीत मारलं. बीबीसीवर जाहिराती नसतात म्हणता? ती जाहिरात नव्हती तर काय होती? ती मालिका अजून चालू आहे, एवढंच सांगते.

बीबीसीचाच पॉल टेम्पल हा १९३८ पासूनचा सभ्य गुप्तहेर जर्मनीत गेला, तर त्याच्या वेळेला तिथले रस्ते ओस पडायचे. नेदरलँड्समध्ये त्याने पॉल फ्लांडरन असं नावच बदलून घेतलं. घरोघरी वेगळ्या नावाने राहणारा माणूस, आणि याला सभ्य म्हणायचं!

अमेरिकेतल्या एलरी क्वीनवाल्यांनी तर कहर केला. १९३९ च्या त्यांच्या कार्यक्रमात खुनी कोण हे सांगण्याआधी नाटक थांबवायचे आणि स्टुडिओत बोलावलेल्या पाहुण्यांना विचारायचे, बोला, कोणी केला? नामवंत, विद्वान पाहुणे. बहुतेक वेळा साफ चुकायचे. आमच्या ग्रुपवर हाच खेळ आता सुरू झालाय. दोन आठवडे झाले, सगळ्यांचा संशय नेहमी बटलरवर. बटलर नसलेल्या गोष्टीतही.

आपल्याकडे काय होतं, असं कोणी विचारेल. होतं की! विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या आणि पुढे तिथे अवतरले ‘इन्स्पेक्टर ईगल’. विनोद शर्मांचा आवाज, दर आठवड्याला एक भानगड. त्यांचं नाव ईगल का, हा प्रश्न लहानपणी कोणाला पडला नाही. गरुडासारखी नजर असेल, असं आपण समजलो. नजर कसली! ईगल थर्मास. तळेगावला कारखाना असलेल्या त्याच थर्मासवाल्यांचा कार्यक्रम. अमेरिकेत केसतेलातून डिटेक्टिव्ह निघाला, आपल्याकडे थर्मासातून. तेवढा आपला गरम राहिला. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या लोकांसमोर नुसतं नाव काढा, डोळे लकाकतात, आणि पाठोपाठ ‘आमच्याकडे अजून तो थर्मास आहे’ हे ऐकावंच लागतं. याला म्हणतात वसुली.

बंगाल्यांचं तर विचारूच नका. कोलकात्याच्या रेडिओ मिर्चीने २००९ मध्ये ‘संडे सस्पेन्स’ सुरू केलं आणि अख्खी एक पिढी रविवारी कान टवकारून बसली. त्यांचा लाडका गुप्तहेर फेलूदा, सब्यसाची चक्रवर्तींच्या आवाजात. आमच्या शेजारच्या बंगाली बाई सांगतात, त्यांच्याकडे रविवारी मटण आणि मुडदा एकाच वेळी शिजतात. मला त्यांचा हेवा वाटतो. मराठीत श्रुतिकांची एवढी परंपरा, पण अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांना कानांत असं मुक्कामाला आणायची बुद्धी वेळेवर कोणाला झाली नाही.

तरुण मंडळी हे सगळं वाचून हसतील. ‘ते ओल्ड टाइम, आम्ही पॉडकास्ट ऐकतो.’ ऐका की. मी तेही ऐकून आले आहे. ‘शेरलॉक अँड कंपनी’ २०२३ पासून चालू आहे. आजचं लंडन, तोच होम्स, आणि वॉटसन कोण? पॉडकास्टर! सैन्यातून परत आलेला डॉक्टर, हातात माइक घेऊन होम्सच्या मागे मागे. हे पाहून मला जॉनी डॉलरच आठवला. मुळात अडचण एकच आहे, हो. रेडिओतल्या माणसाने हे सगळं मोठ्याने का बोलायचं? त्याला काही तरी निमित्त लागतं. जॉनीने बिलाचं काढलं, स्पेडने सेक्रेटरीचं, रॅथबोनच्या काळात शेकोटीचं. या पोराने माइकचं काढलं, आणि माइक हातात घेतला की जाहिराती आल्याच. जाहिराती नको असतील तर सभासद व्हा, दरमहा पैसे भरा. घ्या! पूर्वी खून फुकट होता आणि कोळसा विकत होता. आता खूनही विकत, आणि कोळसा न ऐकण्याचेही पैसे.

‘पेनुम्ब्रा’ नावाची एक मालिका आहे २०१६ पासूनची. त्यातला ज्यूनो स्टील हा मंगळावरचा खासगी गुप्तहेर. मंगळावर पोहोचला तरी स्वभाव तोच चाळीसच्या दशकातला, बोलणं तिरकस, मन दुखावलेलं. आणि प्रेमात कोणाच्या पडतो? चोराच्या! डिक बार्टनची नियमावली कोणीतरी याला वाचून दाखवा. ‘व्हिक्टोरिओसिटी’ त्यातल्या त्यात बरी. १८८७ सालचं, पण इंग्लंडचा दक्षिणेकडचा अर्धा भाग व्यापणारं भलंमोठं लंडन, एक इन्स्पेक्टर आणि एक चौकस बातमीदार मुलगी. त्या मुलीसाठी मी ऐकते, म्हणजे चौकशीपुरतं ऐकते.

पण सगळ्यात मोठं बिंग बॅटमॅनचं फुटलं. २०२२ मध्ये स्पॉटिफायवर ‘बॅटमॅन अनबरिड’ आलं आणि हिंदीतही, ‘बॅटमॅन एक चक्रव्यूह’, अमित साधच्या आवाजात. आमच्या घरातली कार्टी रात्री हेडफोन लावून तेच ऐकत बसली होती. मी म्हटलं, चला, निदान हा तरी आपल्या पायावर उभा असलेला सुपरहिरो. मग चौकशी केली. बॅटमॅनची पहिली गोष्ट लिहिणाऱ्या बिल फिंगरने स्वतःच कबूल केलंय, की ती शॅडोच्या एका कथेवरून घेतली होती. श्रीमंत रिकामटेकडा, रात्री अंधारात फिरणारा, गुन्हेगारांना घाबरवणारा... लक्षात आलं ना? कोळसेवाल्याच्या गुप्तहेराचा नातू! आजोबांचा आवाज ते गाळून सोडायचे, नातवाचा आता डाव्या कानातून उजव्या कानात फिरवतात. पावलं पाठीमागून येतात. मी स्वतः दोनदा मागे वळून पाहिलं आणि चटकन दाराला कडी घातली. आणि ही प्रगती कशावर, तर कोबी सुरीने चिरून माणसाला भोसकल्याचा आवाज काढणाऱ्या त्या जुन्या लोकांच्या जिवावर. सेलोफेनचा कागद चुरगाळला की आग लागायची, कॉर्नस्टार्चची पिशवी दाबली की बर्फात पावलं उमटायची. स्वयंपाकघरातच सगळे गुन्हे! म्हणूनच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना ते इतकं जवळचं वाटत असावं.

सर्वांत निर्लज्ज वर्ग मात्र वेगळाच आहे. हे लोक झोप यावी म्हणून खून ऐकतात. टायमर लावतात, उशीला डोकं टेकतात, पहिल्या गोळीला जांभई आणि दुसऱ्या गोळीला घोरणं. महिनोन्महिने ऐकून यांना एकाही खुन्याचं नाव माहीत नाही. आणि सकाळी टेकडीवर कोणी शेवट सांगितला तर त्याच्याशी भांडतात!

हे सगळं इथवर आलंय म्हटल्यावर गणपतीपर्यंत पोहोचणारच होतं. यंदा सोसायटीच्या कार्यक्रमात एकांकिका नको, दिवे घालवून डिटेक्टिव्ह श्रुतिका करायची, असं बँक मॅनेजरांनी सभेत मांडलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. पेटी, तबला आणि कोबी एवढाच खर्च. तरी खजिनदारांनी प्रायोजक शोधलाच. कोपऱ्यावरचा लाकडी घाण्याच्या तेलाचा दुकानदार पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, डिटेक्टिव्हचं नाव इन्स्पेक्टर करडई ठेवायचं. मी सभेत उभी राहून चार्ली वाइल्डचा दाखला दिला, इन्स्पेक्टर ईगलचा दिला, हे असंच चालत आलंय म्हणून कडाडून निषेध केला. त्याचा परिणाम असा झाला, की ‘एवढी परंपरा आहे तर मग हरकत काय?’ म्हणून ठराव एकमताने संमत झाला, आणि लेखन माझ्याकडे आलं. काकांनी खर्चाच्या पावत्या आताच मागितल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कोबी चिरायला बसणार आहेत, रोज दुपारी तालीम चालू असते. सध्या अडलंय ते भूमिकावाटपावर. इन्स्पेक्टर व्हायला कोणी पुढे येईना, पण प्रेताच्या भूमिकेसाठी अर्जांचा ढीग पडलाय, आणि ‘बी’ विंगमधल्या एका गृहस्थांनी तर वशिलाही लावलाय. श्रुतिकेत प्रेताला एकही वाक्य नसतं आणि अंधारात ते दिसतही नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.